आजी चुकली की यंत्र?

मुलांनो, तुमच्या घरातल्या विजेच्या बटणांच्या बोर्डाकडे तुम्ही कधी नीट निरखून पाहिलंय का? नसेल, तर आता पाहा. एका ओळीत पाच-सहा बटणं. सगळी पांढरी, सगळी सारखी. त्यातलं पंख्याचं कुठलं आणि ट्यूबलाइटचं कुठलं, हे तुम्ही डोळे मिटूनही सांगाल. पण घरी पाहुणे मुक्कामाला आले की काय होतं? रात्री पाणी प्यायला उठलेले काका आधी पंखा बंद करतात, मग टीव्हीचं बटण दाबतात, मग भलताच दिवा लावतात आणि शेवटी अंधारातच स्टुलाला अडखळतात. वर स्वतःच म्हणतात, “छे! माझ्या काही लक्षातच राहत नाही बघ!”

आता खरं सांगा, यात काकांचं काय चुकलं? खोलीत दिवे आणि पंखे ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने बटणं लावली असती, तर काकांना काही लक्षात ठेवावंच लागलं नसतं. चूक बोर्डाची, आणि बोलणी खाल्ली काकांनी. तीही स्वतःकडूनच!

असं आपल्या आजूबाजूला रोज घडत असतं. आजीला मोबाइलवर फोटो पाठवता येत नाही. आजोबा एटीएमसमोर गोंधळतात आणि मागची रांग चुळबुळ करायला लागते. आई बँकेचा फॉर्म मोबाइलवर भरते आणि शेवटच्या पानावर सगळं पुसलं जातं. प्रत्येक वेळी माणूस म्हणतो, “मला मेलीला जमतच नाही!” यंत्राला मात्र कुणी दोष देत नाही.

पण थांबा! जगात काही माणसं अशी आहेत, जी यंत्राचीच उलटतपासणी घेतात. तेच त्यांचं काम आहे. आज आपण त्यांच्या कामाची ओळख करून घेऊ या. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीहून बसने तासाभराच्या आत पोहोचता येईल अशा पवईला जायचं आहे. पण वाटेत आधी एका रेल्वे स्टेशनवर जरा थांबू.

यंत्र, आणि यंत्राचे मदतनीस

अंधेरी घ्या, बोरिवली घ्या. तिकीटखिडकीजवळ टचस्क्रीनची तिकीट यंत्रं उभी असतात. त्यांच्याशेजारी पुष्कळदा एक गृहस्थ उभे असतात. बरेचदा ते रेल्वेतून निवृत्त झालेले असतात. आपण म्हणायचं, “दादर, एक रिटर्न”, की ते पडद्यावर टकाटक बोट लावून तिकीट हातात ठेवतात. रांग भराभर पुढे सरकते आणि सगळे खूश!

छान आहे की नाही? छानच आहे. पण जरा विचार करा. हे यंत्र प्रवाशांनी स्वतः वापरावं म्हणूनच ठेवलं होतं ना? मग ते चालवायला शेजारी माणूस का लागतो? पडद्यावरचा नकाशा कळत नाही म्हणून? अक्षरं बारीक आहेत म्हणून? काचेवर उजेड पडून नीट दिसत नाही म्हणून? की सगळं कळतं, पण गाडी सुटायला दोनच मिनिटं आहेत आणि मागचे काका “चला, चला” करतायत, म्हणून हात थरथरतो?

यातलं खरं कारण कुठलं, हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी स्टेशनवर उभं राहून तासन् तास पाहावं लागतं. कोण कुठे अडतं, बोट कुठे घुटमळतं, कोण मध्येच सोडून खिडकीच्या रांगेत जातं, हे सगळं टिपावं लागतं. असं पाहणं, टिपणं, त्यावरून यंत्रात बदल सुचवणं आणि तो बदल खरोखर उपयोगी पडला का हे पुन्हा तपासणं, हे एक शास्त्र आहे. त्याला म्हणतात ‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’. थोडक्यात ‘एचसीआय’. म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीचा अभ्यास.

हा विषय तसा तरुणच. १९८२ साली अमेरिकेत गेथर्सबर्ग इथे या विषयाची पहिली मोठी परिषद भरली. पण त्याची मुळं त्याही आधीची आहेत. आणि ती तुमच्या घरातल्या मोबाइलवर आजही दिसतात. कशी, ते बघाच!

एकाच मोबाइलवर दोन आकडेमोडी

मोबाइलवर फोन लावायची आकड्यांची पाटी उघडा. वरच्या ओळीत काय दिसतं? १, २, ३. आता त्याच मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा. वरच्या ओळीत? ७, ८, ९! एकाच यंत्रात आकड्यांच्या दोन उलट्या मांडण्या. आहे की नाही गंमत?

तुमच्या आई-बाबांना गोल तबकडीचे फोन आठवत असतील. भोकात बोट घालून तबकडी फिरवायची. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये त्याऐवजी बटणांचा फोन करायचं ठरलं. आता दहा बटणं कशी मांडायची? एका ओळीत? दोन ओळींत? तबकडीसारखी गोल? की त्या काळच्या हिशेबाच्या यंत्रांसारखी, म्हणजे मोठे आकडे वर?

तिथे जॉन कार्लिन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. टेलिफोनच्या कंपनीत मानसशास्त्रज्ञ कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण हेच! त्यांच्या गटाने “मला वाटतं असं करावं” अशी वादावादी केली नाही. निरनिराळ्या मांडण्यांची बटणं प्रत्यक्ष बनवली, लोकांना त्यावर नंबर लावायला दिले आणि मोजलं. वेळ किती लागला? चुका किती झाल्या? लोकांना आवडलं कुठलं? या गटातल्या रिचर्ड डायनिंजर यांनी १९६० साली हे निष्कर्ष छापले. १, २, ३ वर असलेली मांडणी पक्की झाली आणि १९६३ साली बटणांचा फोन अमेरिकेत विक्रीला आला. कॅल्क्युलेटरवाले मात्र आपल्या जुन्या रीतीवर राहिले. म्हणून साठ वर्षांनंतरही तुमच्या मोबाइलमध्ये दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी नांदतायत.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. एकदा केलेली मांडणी पिढ्यान् पिढ्या चालते. ती चांगली असली तर आपलं भाग्य, आणि वाईट असली तर तेवढ्या पिढ्यांना त्रास! आपल्या मराठीच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न होता. तो सोडवायचा मोठा प्रयत्न पवईत झाला.

पवईचं डिझाइन केंद्र

१९५८ साली सुरू झालेली आयआयटी पवईच्या तलावाकाठी आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिथे फक्त इंजिनियर तयार होतात, असं पुष्कळांना वाटतं. पण १९६९ सालीच तिथे ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ म्हणजे आयडीसी सुरू झालं. ते उभारण्यात सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते जर्मनीत उल्म इथल्या नामवंत डिझाइन संस्थेत गेले होते. आज या केंद्राचं नाव आहे ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’. इंजिनियरिंगच्या आवारात चित्रकार, वास्तुशिल्पी, अक्षरांचे जाणकार आणि माणसाच्या मनाचा अभ्यास करणारे एकत्र आले. अशा मिसळीतूनच नवे विषय उगवतात.

इथले प्राध्यापक उदय आठवणकर यांनी एक मजेदार प्रयोग केला होता. डिझायनर नवी वस्तू योजताना सारखी चित्रं काढतात. मग चित्रं काढूच दिली नाहीत तर? म्हणून त्यांनी डिझायनरच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला सांगितलं, वस्तूची कल्पना कर आणि मनात जे जे चाललंय ते मोठ्याने बोलत जा. त्याच्या बोलण्यावरून आणि हातवाऱ्यांवरून मनातल्या चित्रांचा अभ्यास करता आला. यावरचा त्यांचा निबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. पाहा, संशोधनाला दर वेळी महागडं यंत्रच लागतं असं नाही. एक पट्टी आणि एक चांगला प्रश्नही पुरतो!

आपली अक्षरं, परक्याचं यंत्र

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीत २६ अक्षरं. लहान आणि मोठी मिळून ५२. टाइपराइटरवर ती सहज बसली, कारण ते यंत्र त्याच अक्षरांसाठी जन्माला आलं होतं. आपलं तसं नाही. क, का, कि, की, कु, कू... एकट्या ‘क’ची बाराखडी बघा. वर जोडाक्षरं. छापखान्यात मराठी जुळवायला शेकडो खिळे लागत. टाइपराइटरवर मात्र जेमतेम नव्वदेक खुणा मावायच्या. मग काय केलं? अक्षरांचे तुकडे केले! अर्धा स, काना, वेलांटी, सगळं सुटं सुटं. विक्रोळीला जिची मोठी वसाहत आहे, त्या गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात टाइपराइटर बनवायला सुरुवात केली आणि २००९पर्यंत ते बनवले. सरकारी कचेऱ्यांतली मराठी कितीतरी वर्षं अशाच टाइपराइटरांवर उमटली.

त्यावर ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी दाबायची आणि मग क. कारण कागदावर वेलांटी आधी येते. पण बोलताना? आधी क, मग इ. बोलायचं एका क्रमाने आणि बोटं चालवायची दुसऱ्या! म्हणून टायपिंगच्या क्लासला महिनोन् महिने घालवावे लागत.

पुढे संगणक आले. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ नावाची मांडणी ठरवली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना मांडणी एकच. हिंदी शिकलात तर कन्नडही टाइप करता यावं, असा शहाणा विचार त्यात होता. पण तीही शिकावी लागायची, आणि ती शिकवणार कोण? शाळेत तर कुणी शिकवत नव्हतं. दुकानातून आणलेल्या कीबोर्डावर बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरंच छापलेली असत.

शिवाय अक्षरं पडद्यावर सुबक दिसायलाही हवीत. ते काम केलं र. कृ. जोशी यांनी. हे कवी आणि सुलेखनकार. १९८३ ते १९९६ या काळात त्यांनी आयडीसीत शिकवलं आणि नंतर जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ या संस्थेत काम केलं. ही संस्था २००३ साली ‘सी-डॅक’मध्ये विलीन झाली. विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट जगभर गेला. त्याची अक्षरं जोशी सरांनी घडवलेली. २००८ साली ते वारले, पण त्यांची अक्षरं तुमच्या आई-बाबांनी कचेरीतल्या संगणकावर नक्की वाचली असतील.

आता वाचायची सोय झाली. पण लिहिण्याचं काय?

वर्णमालाच वापरली तर?

आयडीसीतले प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे विद्यार्थी याच प्रश्नाच्या मागे लागले. त्यांनी असा विचार केला, की ज्याने कधी टायपिंग शिकलं नाही, पण जो पहिलीत शाळेत गेला आहे, त्याला मराठीचं काय पाठ असतं? वर्णमाला! क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. ही मांडणी तर आपल्या प्रत्येकाच्या तोंडात बसलेली. आणि ती उगाच केलेली नाही. घशातून निघणारे आवाज एका ओळीत, टाळूचे दुसऱ्या, ओठांचे शेवटच्या. मग नवी मांडणी पाठ करायला लावण्यापेक्षा हीच कीबोर्डावर का आणू नये?

त्यातून ‘कीलेख’ नावाचा कीबोर्ड तयार झाला. मधोमध वर्णमालेच्या क्रमाने व्यंजनं आणि बाजूला स्वर. तो लोकांकडून वापरून घेतला, चुका पाहिल्या, बदलला, पुन्हा वापरून घेतला. २००४ साली व्हिएन्नामध्ये भरलेल्या एचसीआयच्या मोठ्या परिषदेत त्यावरचा निबंध मांडला गेला.

मग हातोहाती टचस्क्रीनचे मोबाइल आले. आता बटणंच नाहीत, नुसती काच! तेव्हा याच गटाने २०१३ साली ‘स्वरचक्र’ आणलं. त्यात ‘क’वर बोट ठेवलं, की त्याच्याभोवती एक चक्र उमलायचं, आणि त्यात का, कि, की, कु, कू असे पर्याय. बोट त्या दिशेला सरकवून उचललं, की अक्षर तयार! जोडाक्षराची युक्ती तर आणखी छान. ‘क’चा पाय मोडला, की लगेच सगळ्या बटणांवर ‘क्क, क्त, क्य, क्ष’ अशी जोडाक्षरं दिसू लागायची. अमुक जोडाक्षर कसं बनतं, हे आठवायची गरजच नाही. डोळ्यांसमोर आहे ते उचलायचं.

एचसीआयमधलं हे एक मोठं सूत्र आहे, बरं का! आठवायला लावू नका, ओळखायला द्या. परीक्षेत गाळलेल्या जागा भरण्यापेक्षा जोड्या लावणं सोपं जातं, त्याचं कारणही हेच.

तुम्ही म्हणाल, एवढी खटपट कशाला? आम्ही मित्राला ‘कसा आहेस’ हे इंग्रजी अक्षरांत लिहितो की! लिहा. पण इंग्रजी अक्षरांत ‘तान’ आणि ‘ताण’ सारखेच दिसतात. ‘काल’ आणि ‘काळ’ही सारखेच. आणि मराठीची अशी काही खास वळणं आहेत, जी हिंदीचा कीबोर्ड जशाच्या तसा उचलला तर निसटतील. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील, आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी! फरक फक्त एका ‘र’चा. हा ‘ऱ्य’ लिहायची सोय सहज सापडेल अशी नसली, तर लोक कंटाळून ‘र्य’ लिहितील. मग हळूहळू ते वळण लिहिण्यातून पुसलं जाईल. कीबोर्डावर जे अवघड, ते वापरातून जातं. म्हणजे पाहा, एका बटणाची जागा ठरवताना भाषेचंही काहीतरी ठरत असतं.

ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय?

या संशोधकांपुढचे सगळेच प्रश्न टायपिंगचे नसतात. ज्यांना आकडे ओळखता येतात पण नावं वाचता येत नाहीत, अशी कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत. मोबाइलमधल्या नावांच्या यादीत त्यांनी मुलीचा नंबर शोधायचा कसा? जोशी सरांच्या गटाने २००८ साली ‘रंगोली’ नावाची फोनवही मांडली. तिच्यात नावांऐवजी रंग आणि चित्रं यांच्या मदतीने माणूस ओळखायचा.

आणखी एक काम होतं एचआयव्हीची बाधा झालेल्या रुग्णांसाठी. त्यांना रोज न चुकता, आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. त्यांना आठवण करून देणारा आणि माहिती सांगणारा फोन यावा, बोलणारा आवाज संगणकातला असावा, अशी ती योजना. २०१४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. आता यातली अडचण ओळखा पाहू! घरात मोबाइल एकच असेल आणि तो भलत्याच कुणी उचलला तर? आजाराची गोष्ट चारचौघांत उघडी पडेल. म्हणजे आठवण तर व्हायला हवी, पण गुपित फुटता कामा नये. अशा प्रश्नाला नुसतं प्रोग्रामिंग पुरत नाही. माणसं घरात कशी राहतात, काय लपवतात आणि कशाला घाबरतात, हे आधी समजून घ्यावं लागतं.

संशोधकाचा दिवस कसा असतो?

आता तुमच्यापैकी काही जण विचारतील, हे प्राध्यापक लोक रोज करतात तरी काय?

पहिलं काम शिकवण्याचं. दुसरं, प्रश्न शोधण्याचं. त्यासाठी ते बाजारात, दवाखान्यात, शेतावर, स्टेशनवर जातात. माणसांना काम करताना पाहतात. तिसरं, नमुना बनवण्याचं. तो पहिल्यांदा कागदाचाच असतो! पुठ्ठ्यावर मोबाइलचा पडदा काढायचा आणि लोकांना त्यावर बोट लावायला सांगायचं. चौथं, तपासण्याचं. आणि पाचवं, लिहिण्याचं. केलेलं काम निबंधाच्या रूपात लिहून पाठवायचं. मग जगातले दुसरे संशोधक ते तपासतात आणि खोट काढतात. पुष्कळदा निबंध परत येतो. पुन्हा काम, पुन्हा लेखन.

यात कौतुकापेक्षा धीर जास्त लागतो. तुम्ही वर्षभर खपून एखादी युक्ती काढता आणि पहिल्याच दिवशी एखाद्या मावशी तिच्याकडे बघून म्हणतात, “हे काय, मला नाही कळलं.” तेव्हा मावशींवर चिडायचं नाही. मावशी बरोबर आहेत, असं धरून पुन्हा सुरुवात करायची. सोपं नाही हं हे!

आणि सगळ्यांना पटलेली गोष्टही तपासून पाहायची. अर्धा शब्द लिहिला की मोबाइल पुरा शब्द सुचवतो. त्याने वेळ वाचतो, असं आपण धरूनच चालतो. पण सुचवलेले शब्द वाचायलाही वेळ लागतोच ना? २०१६ साली आयडीसीच्या गटाने पुष्कळ दिवस लोकांकडून मराठी लिहून घेऊन नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांच्या निबंधाच्या नावातच प्रश्न होता, की शब्द सुचवल्याचा मराठी लिहिताना खरंच फायदा होतो का? “त्यात काय विचारायचं?” असं जिथे सगळे म्हणतात, तिथे संशोधक थांबतो.

या सगळ्या कामाची दखल जगानेही घेतली. २०१७च्या सप्टेंबरात ‘इंटरॅक्ट’ ही आंतरराष्ट्रीय परिषद पवईच्या आयआयटीत भरली. १९८४ साली लंडनमध्ये सुरू झालेली ही परिषद तोपर्यंत भारतात कधीच आली नव्हती.

आई-बाबांसाठी दोन शब्द

“माझी मुलगी दिवसभर चित्रं काढते, पण गणितही चांगलं आहे. आता तिने कुठली बाजू धरावी?” असा प्रश्न पुष्कळ पालकांना पडतो. या विषयात कुठलीच बाजू सोडावी लागत नाही. अनिरुद्ध जोशी यांचंच उदाहरण घ्या. आधी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग, मग आयडीसीत दृश्य संवादाचं डिझाइन, आणि पुढे पीएच.डी. संगणकशास्त्रात! मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा समाजशास्त्र शिकलेल्यांनाही इथे जागा आहे.

वाट साधारण अशी. आयडीसीत २०१५पासून बारावीनंतरचा बी.डेस. हा पदवी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ‘यूसीड’ ही प्रवेश परीक्षा असते. ती विज्ञान, वाणिज्य, कला अशा कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते आणि तिच्यात चित्र काढणंही असतं. पदवी झाल्यावर एम.डेस.साठी ‘सीड’ ही परीक्षा. गुवाहाटीच्या आणि आणखी काही आयआयटींमध्येही डिझाइनचे विभाग आहेत. प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचं तर त्यापुढे पीएच.डी. त्यात चार-पाच वर्षं जातात, कधी जास्तही. त्या काळात शिष्यवृत्ती मिळते, पण बरोबरीचे मित्र तोवर नोकरीत स्थिरावलेले असतात, हेही आधीच समजून घेतलेलं बरं. ज्यांना पुढे शिकवायचं नाही, त्यांना बँका, मोबाइल आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या यांच्याकडे काम असतं.

मात्र महागड्या क्लासपेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगी पडते. मुलाने “हे असं का?” असं विचारलं, तर “गप बस” म्हणू नका.

करून पाहा!

मुलांनो, आता तुमची पाळी. या रविवारी तुम्हीच संशोधक व्हा. वही, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या. तीन माणसं निवडा. एक तुमच्या वयाचं, एक आईच्या वयाचं आणि एक आजीच्या वयाचं. प्रत्येकाला मोबाइलवर एकच वाक्य मराठीत लिहायला सांगा: “आचाऱ्यांना उद्या सकाळी बोलवा.”

१. सुरुवातीलाच सांगा, “आम्ही मोबाइलची परीक्षा घेतोय, तुमची नाही.” हे वाक्य विसरायचं नाही. खरे संशोधकही सुरुवातीला असंच सांगतात.

२. मनात येईल ते मोठ्याने बोलत लिहायला सांगा. “आता हा र कुठाय?”, “अरे, हे काय आलं?” असं काहीही. ते जसंच्या तसं वहीत उतरवा.

३. मदत करायची नाही! बोटं शिवशिवतील, पण हात मागे बांधून बसा. हसायचं तर मुळीच नाही.

४. वेळ मोजा. कुठल्या अक्षराला बोट घुटमळलं, त्यावर खूण करा. लिहून झाल्यावर त्यांनाच विचारा, “काय बदललं तर सोपं जाईल?”

मग तिन्ही पानं शेजारी ठेवून बघा. तिघंही एकाच जागी अडली का? अडली असतील, तर एक गोष्ट पक्की समजा. वेगवेगळ्या वयाची तीन माणसं एकाच दगडाला ठेचकाळतात, तेव्हा खोट पायांत नसते, दगड वाटेत असतो. तो कुठे आहे ते लिहून ठेवा. कसा हलवायचा, याचंही एक चित्र काढा. कागदावरचं चालेल. खऱ्या संशोधकांची सुरुवातही कागदावरच होते.

आणि आजीला तेवढं सांगायला विसरू नका, की तू हुशारच आहेस. हा मोबाइल अजून शिकतोय!